रेस दिली की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो? इंजिन खोलण्याआधी मीटर आणि सेंडरची जोडी तपासा

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं सगळ्यांना कळेल. पाइपची चासी वेल्ड करून लोटस सेव्हनच्या (इंग्लंडची हलकी उघडी स्पोर्ट्स गाडी) धर्तीवर दोन सीटर गाडी बनवतोयस, इंजिन एस्टीमचं १.३, बॉडी फायबरची. डॅशवर जुन्या बाजारातून आणलेलं ० ते १०० पीएसआयचं इलेक्ट्रिक मीटर बसवलंस आणि त्याला सेंडर, म्हणजे इंजिनवर बसून ऑइलचं प्रेशर मीटरला कळवणारा पार्ट, लावलास जनरेटरच्या स्पेअर पार्टवाल्याकडचा, ५ बार लिहिलेला (पीएसआय आणि बार ही प्रेशरची मापं). पितळी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशर कमी झालं की लागणाऱ्या लाल दिव्याचा जुना स्विच पण ठेवलास. आता होतंय असं की नुसतं इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच आहे, तरी काटा १०० ला जाऊन चिकटतो, स्टार्ट केलं की स्लोला ८५-९० दाखवतो आणि रेस दिली की २५-३० वर येतो. एक मिस्त्री म्हणतोय ऑइल पंप गेला, हाफ इंजिन खोलायचं. दुसरा म्हणतोय लाइनमध्ये रेझिस्टन्स टाक, जमून जाईल.

दोन्ही करू नकोस. तू दिलेल्या आकड्यांवरून पंपाबद्दल वाईट काहीच दिसत नाही, उलट पंप प्रेशर देतोय असंच दिसतंय, फक्त मीटर ते उलटं वाचतंय. मीटर एका जातीचं आहे आणि सेंडर दुसऱ्या जातीचा. माझं काम मीटर आणि वायरिंगचंच आहे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रोज जुन्या जीपा, ट्रॅक्टर, जनरेटर सेट बघतो, आणि चांगलं इंजिन नुसत्या चुकीच्या सेंडरपायी उतरवलेलं बघितलं की मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा लांबण लावून लिहितोय.

आधी आत काय चाललंय ते. सेंडरच्या डब्यात एक पातळ पत्र्याचा पडदा असतो, खालून ऑइल दाबतं, पडदा वर सरकतो, त्याला जोडलेला छोटा हात रेझिस्टन्सच्या वायरवरून सरकतो. म्हणजे प्रेशर बदललं की ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचं माप, बदलतात. मीटरला प्रेशर कळत नाही, त्याला कळतात फक्त ओहम. अमुक ओहम आले की काटा अमुक जागी, एवढंच. आता किती ओहमला किती प्रेशर हे जगात सगळ्यांनी मिळून एक ठरवलेलं नाही, तिथंच सगळी गडबड आहे. कंपनीच्या गाडीत मीटर, सेंडर, वायरिंग एकाच घरातून येतं म्हणून कुणाला विचार करावा लागत नाही. पण किट कारमध्ये इंजिन एका गाडीचं, मीटर दुसऱ्याचं, सेंडर तिसऱ्याच मशीनचा. हे आजचं नाही, लोटस सेव्हन १९५७ साली आली तेव्हापासून लोकं पार्ट आणून घरी गाडी जोडतायत, १९७३ मध्ये ते डिझाइन केटरहॅम कंपनीकडे गेलं तरी तेच चालू राहिलं, आणि मीटर-सेंडरची जोडी जुळवणं हा त्या छंदाचाच एक भाग आहे.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती भेटतात. एक युरोपियन, व्हीडीओ (जर्मन मीटर कंपनी) पद्धतीची, १० ते १८० ओहम. प्रेशर शून्य असताना १० ओहम, आणि प्रेशर वाढेल तसे ओहम वाढत जातात, फुल स्केलला साधारण १८०-१८४. दुसरी अमेरिकन, २४० ते ३३ ओहम, ती बरोबर उलटी, शून्याला २४० आणि फुल प्रेशरला ३३. आपल्याकडच्या जनरेटर सेटवर व्हीडीओ पद्धतीचे सेंडर भरपूर दिसतात. बोटींची मीटरं, हॉट रॉडवाल्यांची मीटरं, बाहेरून येणारी बरीच आफ्टरमार्केट मीटरं २४०-३३ ची असतात. याशिवाय जीएमच्या (जनरल मोटर्स) जुन्या अमेरिकन गाड्यांचं ० ते ९० ओहमचं प्रकरण आहे, ते पण अधूनमधून भेटतं. आणि काही जुन्या जपानी गाड्यांत सेंडरच्या आत कॉन्टॅक्ट सतत उघडझाप करतो, मीटरमध्ये बायमेटलची, म्हणजे दोन धातूंची, पट्टी तापून वाकते तसा काटा चढतो, त्या सेंडरचं ओहममध्ये मोजमापच घेता येत नाही, ते वापरायचं तर मूळ जोडीनंच वापरायचं.

आता तुझा हिशोब कर. तुझा सेंडर ५ बारचा व्हीडीओ पद्धतीचा धरला तर त्याचे आकडे असे येतात: शून्याला १० ओहम, १ बारला साधारण ५०, २ बारला ८५ च्या आसपास, ३ ला १२०, ४ ला १५०, ५ ला १८४. तुझं मीटर २४०-३३ चं असेल तर त्याला ३३ ओहम म्हणजे १०० पीएसआय, ६८ च्या आसपास ७५, १०० च्या थोडं वर ५०, १५० ला २५ आणि २४० ला शून्य. इंजिन बंद, सेंडर १० ओहम देतोय, मीटरला ३३ लाच १०० वाटतं मग १० ला काय वाटणार, काटा टोकाला चिकटणारच. स्लोला खरं प्रेशर १ बार म्हणजे ५० ओहम, मीटर दाखवणार ८५-९०. रेस दिली, खरं प्रेशर ४ बार म्हणजे जवळजवळ ५८ पीएसआय, १५० ओहम, मीटर दाखवणार २५. तू लिहिलेले आकडे आणि हे आकडे ताडून बघ. स्लोला १ बार आणि रेसला ४ बार, गरम इंजिनला हे अगदी चांगलं प्रेशर आहे. बेरिंग गेलेल्या किंवा पंप झिजलेल्या इंजिनात काटा कमी दाखवेल, हळू चढेल, पण इंजिन बंद असताना १०० दाखवणार नाही. इंजिन बंद असताना काटा टोकाला हे लक्षण बिघडलेल्या इंजिनाचं असूच शकत नाही.

तरी माझ्या हिशोबावर सुद्धा विसंबू नकोस, स्वतः तपास, फार सोपं आहे. आधी मीटरची जात ओळख, त्याला मल्टिमीटर पण लागत नाही. इग्निशन ऑन कर, इंजिन चालू करू नकोस. सेंडरची वायर काढून हवेत मोकळी धर, कशाला टेकू देऊ नकोस. काटा खाली शून्यावर पडला तर मीटर २४०-३३ जातीचं. काटा वर टोकाला गेला तर १०-१८० जातीचं. मग तीच वायर इंजिनला किंवा चासीला चांगल्या अर्थला क्षणभर टेकव, आता बरोबर उलटं व्हायला पाहिजे, २४०-३३ चा काटा टोकाला, १०-१८० चा शून्याच्या खाली. क्षणभर म्हणजे क्षणभरच, काटा हलायला लागला की काढायची. जुनं बायमेटलचं मीटर, स्मिथसारखं, असेल तर ते पण वायर मोकळी सोडल्यावर शून्यावर जातं, म्हणजे २४०-३३ सारखंच वागतं, पण थेट अर्थ देऊन धरून ठेवलं तर आतली तापणारी वायर जळू शकते. दोघातला फरक काट्याच्या चालीवरून कळतो, बायमेटलचा काटा सावकाश सरकतो, पाच-दहा सेकंद घेतो, कॉइलवाला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या चुंबकानं काटा हलवणारा, चटकन उडी मारतो.

मग सेंडर. इंजिन बंद, वायर काढलेली, मल्टिमीटर ओहमवर, एक टोक सेंडरच्या टर्मिनलला आणि दुसरं सेंडरच्या बॉडीला. १० च्या आसपास आलं तर व्हीडीओ पद्धत, २४० च्या आसपास आलं तर अमेरिकन. सेंडरला दोन टर्मिनल असतील तर बहुतेक एकावर जी लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर डब्ल्यूके. जी मीटरसाठी, डब्ल्यूके लाल दिव्यासाठी, आत वेगळा स्विच असतो. यांची अदलाबदल करू नकोस, दिव्याची वायर जी ला लागली तर दिव्यातून येणारा करंट त्या बारीक रेझिस्टन्स वायरमधून जातो आणि सेंडर हळूहळू भाजतो. आणि थेट बॅटरीचे १२ व्होल्ट सेंडरला कधीच द्यायचे नाहीत, १० ओहमला १२ व्होल्ट म्हणजे सव्वा अँपिअरच्या जवळ करंट, १४ वॉट उष्णता, त्या चिमुकल्या ट्रॅकवर. तिथंच संपला तो.

शून्याचा आकडा कळला म्हणजे जात कळली, पण रेंज कळली नाही. रेंजसाठी हवेनं टेस्ट कर. पंक्चरवाल्याकडचा किंवा स्प्रे पेंटवाल्याकडचा कॉम्प्रेसर, त्याला रेग्युलेटर आणि विश्वासाचा एक डायल गेज, पुढे सेंडर बसेल असा अडॉप्टर. १५ पीएसआय म्हणजे जवळजवळ १ बार, ३० म्हणजे २, ४५ म्हणजे ३, ६० म्हणजे ४. प्रत्येक टप्प्यावर थांबून ओहम लिहून घे, वर जाताना आणि परत खाली येताना पण. दोन्हीत थोडा फरक येतो, ते चालतं, पण काटा उड्या मारत असेल, मधेच आकडा गायब होत असेल तर ट्रॅक घासलाय, तो सेंडर टाकून दे. डिझेल नोझल तपासायच्या पंपावर मात्र हे करू नकोस, ते शेकडो बारचं यंत्र आहे, एका दाबात पडदा फाडेल.

मीटर तपासायला याच्याही पेक्षा सोपी युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-पाच रुपयाला मिळणारे रेझिस्टर सेंडरच्या जागी लावायचे, म्हणजे मीटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये. तुझ्या २४०-३३ साठी ३३, ६८, १००, १५० आणि २२० अधिक २२ मिळून २४२. एक एक लावत जा, काटा १००, ७५, ५०, २५, शून्य असा पायरी पायरीनं उतरला पाहिजे, थोडं इकडंतिकडं चालेल. ज्यांच्याकडे व्हीडीओचं ५ बारचं मीटर आहे त्यांच्यासाठी तर बाजारात मिळणाऱ्या ठरावीक किमतीचे रेझिस्टरच जवळजवळ नेमके बसतात, १०, ४७, ८२, १२०, १५०, १८० म्हणजे शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच बार. २ वॉटचे घे, पाव वॉटचे गरम होऊन आकडा सरकतो. एवढं केलं की मीटर बरं की वाईट याचा निकाल गाडी सुरू न करता लागतो.

आता खरी धोक्याची गोष्ट सांगतो. तुझ्यासारखी उलटी जोडी दिसायला भयंकर दिसते पण ती माणसाला फसवत नाही, काटा इंजिन बंद असताना टोकाला असतो, कुणालाही कळतं काहीतरी चुकलंय. फसवते ती जात सारखी पण रेंज वेगळी असलेली जोडी. समजा मीटर १० बारचं आणि सेंडर ५ बारचा, दोन्ही व्हीडीओ. इंजिन बंद असताना दोन्हीकडे १० ओहम, काटा शून्यावर, सगळं छान. रेस दिली की वर जातो, सोडली की खाली येतो, अगदी बरोबर चाललंय असं वाटतं. पण २ बारला हा सेंडर ८५ ओहम देतो आणि १० बारच्या मीटरला ८५ ओहम म्हणजे ४ बार. म्हणजे काटा कायम दुप्पट दाखवणार. चार हजार आरपीएमला खरं प्रेशर २ वर आलंय, आता गाडी थांबवायला पाहिजे, आणि काटा म्हणतोय ४, चला जाऊ द्या. हे इंजिन बेरिंग खाऊनच थांबतं. उलट बाजूला १० बारचा सेंडर आणि ५ बारचं मीटर असेल तर काटा कायम निम्मं दाखवतो, त्यानं इंजिन मरत नाही, पण मालक विनाकारण इंजिन खोलतो. २४०-३३ मध्ये पण हेच, ८० पीएसआयचा सेंडर १०० च्या मीटरला लावला तर खरं ४० असताना ५० दाखवणार. म्हणून दुकानात नुसतं ऑइल प्रेशर सेन्सर द्या म्हणून उभं राहू नकोस, शून्याचे ओहम, फुलचे ओहम आणि फुल म्हणजे किती प्रेशर, हे तीन आकडे सांगितल्याशिवाय सेंडर घ्यायचा नाही. आपल्याकडे कुणी बारमध्ये बोलतो, कुणी पीएसआयमध्ये, कुणी म्हणतो चार किलो प्रेशर आहे, तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १४.२ पीएसआय, बार आणि किलो जवळजवळ सारखेच धरले तरी गाडीच्या कामाला चालतं.

रेझिस्टन्स टाकून जमवण्याबद्दल. सिरीजमध्ये रेझिस्टर टाकला की सगळे आकडे एकाच बाजूला सरकतात, पॅरललमध्ये टाकला की वरचे आकडे दाबले जातात, पण चढती रेघ उतरती कधीच होत नाही. तुझ्या केसमध्ये सेंडर वाढत जातो आणि मीटरला कमी होत जाणारं पाहिजे, कितीही रेझिस्टर जोडलेस तरी काटा उलटाच चालणार. जात सारखी असेल तेव्हा एखाद्या ठिकाणी, म्हणजे समजा ३ बारला, काटा जुळवता येतो, पण त्याच्या खाली आणि वर तो खोटंच बोलतो, आणि ऑइल प्रेशरमध्ये आपल्याला सगळ्यात जास्त गरज खालच्या आकड्याची असते. ज्याला मायक्रोकंट्रोलर येतो त्यानं मधे छोटा बोर्ड टाकून ओहम वाचून मीटरला हवं ते देणं शक्य आहे, पण गाडीतली उष्णता, व्होल्टेजचे झटके, पावसाळा हे सगळं त्या बोर्डानं सोसायला पाहिजे, नवीन सेंडर त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा.

तर तुला घ्यायचाय २४०-३३ ओहम, १०० पीएसआयचा सेंडर. मीटर बदलू नकोस, त्याची डायल तुझ्या डॅशला शोभते असं तूच लिहिलंयस आणि सेंडर मीटरपेक्षा स्वस्त पडतो. मिळत नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे सेंडर ठेवायचा आणि १०-१८० चं ५ बारचं मीटर आणायचं, तांत्रिकदृष्ट्या दोन्ही सारखेच बरोबर. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जनरेटर सेटचं काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला विचार, सेटच्या कंट्रोलरमध्ये सेंडरचा कर्व्ह, म्हणजे किती ओहमला किती प्रेशर ते, निवडावाच लागतो, व्हीडीओ ५ बार, व्हीडीओ १० बार, डॅटकॉन, मर्फी अशी यादीच असते, त्यामुळे ओहमची भाषा त्यांना कळते. गाडीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर गाडीचं नाव विचारतात, आणि तुझ्या गाडीला नावच नाही.

हल्ली डिजिटल मीटरं तीन वायरच्या सेंडरसोबत येतात, ५ व्होल्ट सप्लाय आणि अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल. ती अचूक असतात, जोडी डब्यातच मिळते म्हणून जुळवायची कटकट नाही, पण तो सेंडर काट्याच्या मीटरला चालत नाही, कुणी सांगितलं तरी लावू नकोस. आणि ज्यांच्याकडे जुनी स्मिथची बायमेटल मीटरं आहेत त्यांनी लक्षात ठेवा, त्यांना १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो, तो नसेल तर दिवसा एक रीडिंग आणि हेडलाइट लावल्यावर दुसरं. मूळचा बिघडला असेल तर ७८१० आयसी (१० व्होल्ट स्थिर देणारा) घालून आतून नवा करता येतो. कॉइलवाल्या मीटरला मात्र तो स्टॅबिलायझर द्यायचा नाही, त्याला सरळ इग्निशनचे १२ व्होल्ट.

आता बसवण्याबद्दल, कारण सेंडर बरोबर आणला आणि ब्लॉकचे आटे घालवले असं व्हायला नको. तुझ्या इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. जपानी इंजिनात ऑइल स्विचचे आटे बहुतेक वेळा पाव इंचाच्या निम्मे म्हणजे एक अष्टमांश इंच बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) टेपर, म्हणजे निमुळते, असतात, इंचाला २८ आटे. अमेरिकन सेंडर एक अष्टमांश एनपीटीचा (अमेरिकन पाइपचे आटे) असतो, इंचाला २७ आटे, आट्याचा कोन पण वेगळा, ५५ ऐवजी ६० अंश. दिसायला दोन्ही सारखेच, आणि घात असा की एनपीटी त्या भोकात दोन-तीन फेरे आरामात जातो, मग घट्ट होतो, माणसाला वाटतं टेपर आहे म्हणून घट्ट झालं, अजून एक पाना मारतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. व्हीडीओ सेंडर एम १० बाय १ (१० मिलिमीटरचे मेट्रिक आटे) मध्ये पण येतो, तो तिसराच प्रकार. थ्रेड गेज लावून बघ, नाहीतर जुना स्विच आणि नवा सेंडर दोन्ही घेऊन उद्यमनगरात चांगल्या लेथवाल्याकडे जा, एका बाजूला बीएसपी आणि दुसऱ्या बाजूला एनपीटी असा स्टीलचा अडॉप्टर तो करून देईल. आपल्या गावात ऑइल इंजिनांचे पार्ट बनवत पिढ्या गेल्यात, हे काम इथं अडत नाही.

पितळी टी वर थेट सेंडर मात्र ठेवू नकोस. सेंडरचा डबा जड असतो, चार सिलेंडरचं इंजिन थरथरतं, आणि टी च्या गळ्यात बारीक तडा जातो. तो तडा गेला की सगळं ऑइल प्रेशरनं बाहेर, बऱ्याचदा थेट गरम एक्झॉस्टवर. ब्लॉकमध्ये फक्त अडॉप्टर, तिथून एक छोटी होज, आणि चासीच्या पाइपवर क्लॅम्पनं पकडलेल्या ठोकळ्यावर सेंडर आणि स्विच दोन्ही. होज ट्रॅक्टर-जेसीबीच्या होज प्रेस करणाऱ्यांकडे मिळते पण तिथं एक काळजी घे, साधी हायड्रॉलिक होज १०० अंश सेल्सिअसपर्यंतची असते आणि घाटात इंजिनचं ऑइल त्याच्या वर जातं. टेफलॉनच्या आतल्या नळीची, वरून स्टीलची जाळी असलेली होज माग. ब्लॉककडच्या अडॉप्टरमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास बारीक भोक ठेवून घेतलंस तर दोन फायदे, काटा थरथरत नाही आणि कधी होज फुटली तरी ऑइल एकदम रिकामं होत नाही.

होजवर सेंडर लांब नेला की अर्थचा प्रश्न येतो, आणि फायबरच्या गाडीत हा प्रश्न तसाही सगळीकडे असतो. एका टर्मिनलचा सेंडर आपली अर्थ बॉडीच्या आट्यातून घेतो. रबरी माउंटवर इंजिन, रबर किंवा टेफलॉनची होज, फायबरचा डॅश, म्हणजे खात्रीची अर्थ कुठनंच नाही. सेंडरच्या बॉडीला क्लिप लावून एक वेगळी काळी वायर थेट इंजिन ब्लॉकवर घे, मीटरच्या बॉडीची अर्थ पण तिथंच किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टा आहे का तेही बघ, तो नसला की स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होते. तपासायचं असं, इंजिन चालू, हेडलाइट ऑन, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक सेंडरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. खराब अर्थ म्हणजे लाइनमध्ये फुकटचे ओहम, आणि ते तुझ्या २४०-३३ मध्ये काटा खाली ओढतात, तर १०-१८० मध्ये वर ढकलतात, म्हणजे व्हीडीओवाल्यांना खराब अर्थ खोटा दिलासा देतो. तुझ्यासाठी धोका दुसरा आहे, सेंडरची वायर पाइपला घासून सोलली आणि अर्थला टेकली की तुझा काटा थेट १०० ला जाणार. त्या वायरला स्लीव्ह घाल आणि पाइपच्या धारेवरून नेऊ नकोस. आट्यांना टेफलॉन टेपचे वेढे देण्यापेक्षा लिक्विड थ्रेड सीलंट बरा, टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात आणि अर्थ पण तोडतात.

लाल दिवा काढायचा नाही, मीटर कितीही चांगलं बसलं तरी. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो, म्हणजे दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो हे खरं, पण गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते आणि काटा हळूच खाली आलेला दिसत नाही, दिवा दिसतो.

सगळं झालं की शेवटचा निकाल मेकॅनिकल गेजवर. नळीतून थेट ऑइल घेणारा डायल कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतो, स्विचच्या जागी तो लाव, इंजिन पूर्ण गरम होऊ दे, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत, आणि स्लो, २०००, ३०००, ४००० ला दोन्ही मीटरं शेजारी शेजारी वाच. ५ पीएसआयचा फरक असेल तर सोडून दे. थंड इंजिनाला प्रेशर जास्त आणि गरम झाल्यावर स्लोला बरंच कमी, हे नैसर्गिक आहे, घाबरायचं नाही. दर हजार आरपीएमला १० पीएसआय असा जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे, तो ठोकताळाच, तुझ्या इंजिनचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, किती आरपीएमला किती, तोच धर. मेकॅनिकल गेजवरच प्रेशर कमी आलं तर मग पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, बेरिंग यांच्याकडे बघायचं, त्याआधी नाही. हा मेकॅनिकल गेज डॅशवर कायमचा लावावा का असं पण तू विचारलंयस. तो खोटं बोलत नाही हे मान्य, पण त्याची बारीक नळी तुझ्या गुडघ्याजवळून उकळतं ऑइल घेऊन जाणार, आणि उघड्या गाडीत ती नळी तुटली तर पायावर येणार. मी तुझ्या जागी इलेक्ट्रिकच ठेवेन.

मग एक दिवस पाऊस नसताना ज्योतिबाच्या डोंगराला गाडी घेऊन जा, शेजारी एक माणूस बसव ज्याचं काम फक्त काट्याकडं बघणं. सेव्हनसारख्या गाडीत इंजिन खाली बसवावं लागतं म्हणून ऑइल चेंबर कापून बुटका केलेला असतो, तू पण केलायस. वळणावर जोरात गेलं की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं, पंपाची जाळी उघडी पडते, आणि एखाद्या सेकंदासाठी प्रेशर कोसळतं. काटा वळणात खाली येऊन सरळ रस्त्यावर परत चढत असेल तर हेच होतंय. बायमेटलचं मीटर हे कधीच दाखवत नाही, तेवढ्या वेळात त्याचा काटा हलत पण नाही, तुझं कॉइलचं असेल तर दाखवेल. तसं दिसलं तर आधी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे का बघ, चेंबर बुटका केल्यावर ती खूण तरी खरी राहिली आहे का तेही ऑइल मोजून ओतून ताडून घे, आणि मग चेंबर उतरवून पंपाच्या जाळीच्या चारी बाजूंनी बॅफलच्या (ऑइल अडवणाऱ्या) पट्ट्या वेल्ड करून घे, खाली ऑइल आत यायला फटी ठेवून.